आधी पाणी वाटले, मग कायदा बदलला

धरणातले पाणी नव्याने कुणाला द्यायचे, हे बंद खोलीत ठरू नये म्हणून महाराष्ट्राने 2005 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पाणीवापराची हक्कदारी ठरवायचे काम मंत्रालयाच्या हातून काढून या प्राधिकरणाकडे दिले. मी या कायद्याच्या बाजूचा आहे, म्हणूनच त्याची जी वासलात लावली गेली तिच्यावर गप्प बसणार नाही.

कायदा आल्यावरही मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची उच्चाधिकार समिती पाणी वाटतच राहिली. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणातून वर्षाला 87.6 दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झाले. सिंचनाचा अनुशेष आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांनी पोळलेल्या पश्चिम विदर्भातले, शेतीच्या नावाने बांधलेले हे धरण. त्या लाभक्षेत्रात पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरून पाळीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांना कुणी विचारले? ते रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले.

अशा वाटपांना आव्हान मिळू लागले तेव्हा सरकारने निर्णय मागे घेतले नाहीत, कायदाच दुरुस्त केला. 2011 च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि समितीचे जुने निर्णय पूर्वलक्षी प्रभावाने वैध ठरले. ही उघड बेशरमी आहे. चोर सापडल्यावर चोरीचे कलमच खोडावे, तसे विधिमंडळाने केले. त्याच वर्षी जलनीतीत शेतीला उद्योगाच्या वर आणले. 2003 च्या नीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा नंबर होता. कागदावर शेती वर चढली, पण वाटून टाकलेले पाणी कालव्यात परत आले नाही.

प्राधिकरणाने तरी कुठे ताठ कणा दाखवला? कायद्याने आधी हवा असलेला राज्याचा एकात्मिक जल आराखडा तयार नसताना ते प्रकल्पांना मंजुऱ्या देत बसले. शेवटी उच्च न्यायालयाला ते थांबवावे लागले. कायद्याचे नियम यायला 2013 उजाडले. समन्यायी वाटपाचे कलम पहिल्यापासून कायद्यात होते, तरी जायकवाडी धरणाच्या पाण्यासाठी मराठवाड्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. अध्यक्षपदासाठी कायद्याला मुख्य सचिव दर्जाचा आजी-माजी अधिकारीच लागतो. ज्याची हयात मंत्र्यांच्या फायली हलवण्यात गेली, त्याने मंत्र्यांना नाही म्हणावे अशी अपेक्षा मी कशाच्या भरवशावर धरू?

उद्योगाला पाणी लागते, वीजही लागते, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो न विचारता काढून घेण्याला. नव्या मागणीमुळे कोणत्या चारीवरचे किती हेक्टर कोरडे राहणार, हे मंजुरीआधी जाहीर करा. सुनावणी मुंबईत नको, कालव्याच्या टेलच्या गावात घ्या. ज्याचे पाणी जाणार त्याची भरपाई आधी ठरवा. आणि मंत्रिमंडळाला वाटपाची मुभा देणारी 2011 ची ती दुरुस्ती येत्या अधिवेशनात रद्द करा.