दाखला देणार कोण?

पाकिस्तानातून धर्म आणि लेकीबाळींची अब्रू राखण्यासाठी आलेल्या हिंदू कुटुंबाला हिंदुस्थानातच हद्दपारीचे भय वाटावे, याहून मोठी विटंबना कोणती? २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांचे हत्याकांड झाले आणि २७ एप्रिलपासून पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. ते योग्यच होते. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असा खुलासाही शासनाने केला. पण ज्यांच्या हाती अल्प मुदतीचाच कागद होता, त्यांनी ते दिवस कसे काढले असतील?

सरकारने काय केले, हे आपण सवयीने विचारतो. सरकारने २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा केला, ११ मार्च २०२४ रोजी त्याचे नियम आणले. ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेल्यांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर, पण २०२४ अखेरपर्यंत छळामुळे आलेल्यांना सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट मिळाली. आता प्रश्न समाजाला आहे.

या नियमांत अर्जदार हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी वा ख्रिस्ती असल्याचा दाखला स्थानिक प्रतिष्ठित संस्थेकडून मागितला आहे. म्हणजे मंदिराच्या विश्वस्ताची स्वाक्षरी निर्वासिताच्या नागरिकत्वाची पायरी झाली आहे. अंधेरीत देवळे, देरासरे, चार बंगल्यांचा गुरुद्वारा, गणेशोत्सव मंडळे, काय नाही? यांतील किती विश्वस्तांना ही तरतूद ठाऊक आहे?

अमेरिकेतील टक्सन येथील एका चर्चने १९८२ मध्ये मध्य अमेरिकेतील निर्वासितांना उघडपणे आश्रय दिला. पुढे त्यांचे पाद्री खटल्यात दोषी ठरले. तेथे कायदा आड येत होता. येथे कायदाच हात पुढे करीत आहे. तरी आपले हात बांधलेलेच असावेत?

काम अवघड नाही. मंदिराच्या सभागृहात आठवड्यातून एक दिवस वकील आणि संगणक जाणणारा तरुण बसावा, कारण अर्ज संगणकावरूनच भरायचा आहे. कागद सिंधी वा उर्दूत, फारसी-अरबी लिपीत असतात. ते वाचणारे सिंधी वडीलधारे मुलुंड-उल्हासनगरात आहेत, त्यांना सन्मानाने बोलवावे. मुलांच्या शाळाप्रवेशासाठी स्वयंसेवकाने सोबत जावे.

मात्र दाखला म्हणजे प्रसाद नव्हे, मागेल त्याच्या हातावर ठेवायला. कुटुंबाची नीट चौकशी करूनच स्वाक्षरी व्हावी. एक खोटा दाखला शंभर खऱ्या अर्जांवर संशय आणतो आणि घुसखोरालाही वाट करून देतो.

१९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी बांधवांनी उल्हासनगर उभे केले. निर्वासित हा भार नसतो, हे महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले आहे. व्यासपीठावरून निर्वासितांसाठी टाळ्या खूप झाल्या. आता मंदिराचा शिक्का आणि विश्वस्ताचा वेळ हवा आहे. तेवढेही जमत नसेल, तर बंधुत्वाच्या गोष्टी आपण कोणत्या तोंडाने करायच्या?