मर्यादा आणि मर्यादे

शब्द एकच, पण मराठीत ‘मर्यादा’ म्हणजे हद्द, आणि कन्नडात ‘मर्यादे’ म्हणजे मान, आदर. आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांत हे दोन्ही अर्थ एकाच चुलीपाशी नांदतात. त्यांचे एकमेकांशी नातेही आहे. दुसऱ्याला ‘मर्यादे’ द्यायची तर आपल्या जिभेला ‘मर्यादा’ घालावी लागते.

धारवाड-गोकाककडची मुलगी सून म्हणून बेळगाव-खानापूरच्या मराठी घरात येते. पाहुणे बसलेले असतात आणि ती आतून सांगते, ‘‘चहा झाली.’’ लगेच हशा पिकतो. नणंद त्याची नक्कल करून दाखवते. कुणाच्या मनात वाईट नसते. पण नव्या घरात, चारचौघांत तिचा पाणउतारा व्हायचा तो होतोच.

वास्तविक ही चूक अडाणीपणाची नव्हे. मराठीत चहा झाला, भाकरी झाली आणि पिठले झाले. निर्जीव वस्तूंनाही आपण तीन लिंगे वाटून दिली आहेत. कन्नडात अशा वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. तिन्हींना एकच ‘आयितु’. ती बिचारी अंदाजाने लिंग लावते. उलट आपल्यापैकी पुष्कळांचे कन्नड गल्लीत, खेळगड्यांबरोबर घडलेले. त्यामुळे व्याह्यांकडे गेल्यावर वडीलधाऱ्यांनाही ‘बन्नि’ऐवजी ‘बा’ तोंडून निघून जाते. तिथे कुणी हसले, तर आपल्याला कसे वाटेल?

ज्याला हसतात, तो बोलणेच कमी करतो. सून ‘हो’, ‘नाही’वर येते आणि मग तीच ‘शिष्ट’ ठरते. नातू आजीशी कन्नडात बोलायला लाजतो. घरातली एक भाषा अशी भांडणतंटा न होता निघून जाते.

मग चूक दुरुस्त करूच नये का? जरूर करावी, पण तिची रीत आहे. ‘चहा झाली’ कानावर आले, तर सासूबाईंनी ‘‘झाला का चहा? आण हो,’’ एवढेच म्हणावे. बरोबर रूप तिला कळते, पाहुण्यांना जाणवतही नाही. अधिक काही सांगायचे ते मागाहून, दोघीच असताना. आणि कुणी हसलेच, तर नवऱ्याने पुढे व्हावे : ‘‘माझे कन्नड तिच्या माहेरी ऐकलेत, तर पोट धरून हसाल!’’ हशा त्याच्याकडे वळतो, ती सुटते. त्यात त्याची अब्रू जात नाही. उलट माहेरच्या मंडळींना कळले, तर वाढते.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण नेहमी स्वतःपुरती वापरतो. कधी दुसऱ्याची मूठही झाकून ठेवावी. निदान पाहुणे उठून जाईपर्यंत तरी!