आत्म्याची तिथी काढून निवाडा होत नाही

गर्भपाताचा विषय निघाला की दोन दावे ठरलेले असतात. पहिला : गर्भ राहिल्या क्षणीच आत्मा शरीरात येतो, असे कॅथलिक चर्च आरंभापासून अखंड सांगत आले आहे. दुसरा नेमका उलटा : मध्ययुगातले चर्च चाळीस दिवसांपर्यंत गर्भात आत्मा मानत नव्हते, म्हणून तोवर गर्भपाताला त्याची मोकळीक होती. आमच्या वाशिम जिल्ह्यात चर्चा रंगली की त्यात तिसरा दावा येऊन मिळतो : हे सगळे आपल्या शास्त्रांनी आधीच सांगून ठेवले आहे, चौथ्या महिन्यात जीव येतो. तिन्ही दावे मूळ ग्रंथांपुढे टिकत नाहीत.

पहिला दावा चर्चचाच धर्मपंडित थॉमस अक्वायनस (1225–1274) मोडीत काढतो. ॲरिस्टॉटलला अनुसरून तो मानतो की आत्मा म्हणजे बाहेरून आणून शरीरात ठेवलेली वस्तू नव्हे. शरीराला शरीरपण देणारे तत्त्व ते. मग ज्याला अजून अवयवच नाहीत, त्यात माणसाचा आत्मा असेल कसा? म्हणून गर्भात आधी वनस्पतीसारखा केवळ वाढणारा जीव, मग प्राण्यासारखा संवेदना असलेला, आणि देह पुरेसा घडल्यावर देवाने नव्याने निर्माण केलेला विवेकी आत्मा, असा क्रम तो लावतो. याला अपवाद एकच, येशूचा. त्याच्या देहात आत्मा पहिल्या क्षणापासून होता, असे अक्वायनस मुद्दाम सांगतो. नियम वेगळा होता म्हणूनच अपवाद सांगावा लागला. दान्तेनेही आपल्या महाकाव्याच्या 'शुद्धिलोक' या खंडातल्या पंचविसाव्या सर्गात गर्भाची हीच चढती घडण मांडली आहे. तेव्हा 'आरंभापासून अखंड' हे शब्द मागे घ्यावे लागतात.

यावर दुसऱ्या पक्षाने टाळ्या वाजवण्याचे कारण नाही. आत्मा उशिरा येतो असे मानणाऱ्यांनी गर्भपाताला परवानगी दिली, हे अनुमान निखालस खोटे आहे. सुमारे 1140 मध्ये ग्राशियनने चर्चच्या कायद्याचे संकलन केले. आत्मा येण्यापूर्वीचा गर्भ पाडणारा मनुष्यवधाचा दोषी नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. वध नाही म्हणजे पाप नाही, असे तिथे कुणी म्हटलेले नाही. 1211 मध्ये तिसऱ्या इनोसंट पोपपुढे आलेले प्रकरण पाहा. एका संन्यासी पुरोहिताचे एका स्त्रीशी संबंध होते, ती गरोदर होती. त्याने थट्टेत तिचा कमरपट्टा ओढला आणि त्यामुळे गर्भ पडला, अशी तिची तक्रार. गर्भ सजीव झाला नसेल तर याने वेदीवरची सेवा चालू ठेवावी, झाला असेल तर सोडावी, असा पोपचा निर्णय. आत्म्याची तिथी इथे पुरोहिताचा अधिकार राहतो की जातो, हे ठरवण्यासाठी वापरली आहे. त्या स्त्रीचे पुढे काय झाले, हा प्रश्नच या निर्णयात नाही, आणि मला ती गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

पुढे 1588 मध्ये पाचव्या सिक्स्टसने हा भेद काढून सर्वच गर्भपाताला मनुष्यवधाची शिक्षा लावली. तीनच वर्षांनी चौदाव्या ग्रेगरीने भेद परत आणला. 1869 मध्ये नवव्या पायसने तो शिक्षेच्या नियमातून कायमचा वगळला. 1974 च्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यानेही आत्मा नेमका कधी येतो हा प्रश्न खुला ठेवला आणि गर्भपाताला असलेला विरोध त्या उत्तरावर अवलंबून नाही, असे स्पष्ट केले.

आता आपल्याकडचा दावा. सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथा महिना आहे, हे खरे. पण त्या महिन्यात हृदय स्पष्ट होते म्हणून चेतना 'व्यक्त' होते, असे तिथे म्हटले आहे. जीव तर गर्भ राहतानाच आत शिरलेला आहे, हे त्याच अध्यायात आधी येते. चेतना दिसू लागणे आणि जीव येणे यांतला फरक पुसून टाकणारे सुश्रुताचे नाव घेतात ते कशाच्या बळावर? गर्भोपनिषद तर सातवा महिना सांगते. म्हणजे 'शास्त्रांचे' एक मत असे काही नाहीच.

जिल्ह्यातल्याच कारंजा लाडला जैन भट्टारकांच्या गाद्या होत्या, मोठे ग्रंथभांडार होते. रायबहादूर हीरालाल यांच्या 1926 च्या सूचीने तिथल्या पोथ्या अभ्यासकांपुढे आणल्या. त्या परंपरेचे उत्तर याहून वेगळे आहे. तत्त्वार्थसूत्राच्या मते मरणानंतर जीव चार 'समयां'च्या आत नव्या जन्मस्थानी पोहोचतो, आणि समय म्हणजे काळाचा ज्याहून लहान भाग नाही असा अंश. मधे थांबणे नाही. देह तयार झाला म्हणून जीव येत नाही. जीव येतो आणि आपल्या कर्माने देह घडवतो. अक्वायनसच्या अगदी उलट. गुरुचरित्रातली कथाही कारंजाचीच : कुरवपूरच्या स्त्रीला दिलेले वचन पुढच्या जन्मी इथे नृसिंह सरस्वतींच्या रूपाने फळाला येते. आपला जीव मागचा हिशेब घेऊन येतो, अक्वायनसचा आत्मा कोरा करकरीत असतो. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, हे वाक्य या ठिकाणी तरी कुणी उच्चारू नये.

माझे म्हणणे एवढेच आहे : या ग्रंथकारांना तिथी हवी होती ती आत्मा आणि देह यांचे नाते उलगडण्यासाठी. तिच्यावरून बाईच्या पोटातल्या गर्भाचे काय करावे हे परस्पर ठरत नाही. 1971 चा आपला गर्भपाताचा कायदा आणि त्याची 2021 ची दुरुस्ती आठवडे मोजते, आईचा जीव आणि आरोग्य पाहते. आत्म्याचा उल्लेखही करत नाही. हे योग्यच आहे. गर्भपाताला विरोध करणाऱ्याने गर्भाच्या जीवनाविषयी उघडपणे बोलावे, बाजू घेणाऱ्याने बाईच्या देहाविषयी बोलावे. आत्म्याच्या आड कुणी लपू नये.

आणि या तिथीत एक डाग आहे, तो झाकून चालणार नाही. अक्वायनसच्या हिशेबात मुलाच्या देहात आत्मा चाळिसाव्या दिवशी येतो, मुलीच्या देहात नव्वदाव्या. पुढच्या कायदेपंडितांनी मुलीसाठी ऐंशी धरले. मुलगी उशिरा माणूस होते, असा तो हिशेब. आपण त्याला हसण्याच्या जागी नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, 1994 मध्ये केंद्राचा झाला, तरी राज्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या त्या 2011 मध्ये 894 वर आल्या. ज्या घरांत सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत 'काय आहे?' असे कुजबुजत विचारले जाते, तिथे जीव कधी आला याची चौकशी कुणी करत नाही.

तेव्हा सुश्रुत, अक्वायनस किंवा तत्त्वार्थसूत्र यांचे नाव घेऊन कुणाचा गर्भ पाडायला किंवा ठेवायला सांगणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : आधी तो ग्रंथ उघडा, तो अध्याय पुरा वाचा, आणि मग त्या बाईला विचारा.