छातीचा फोटो एआयने वाचला आणि ‘टीबी संशयित’ आले. आता पुढे काय?

गावात शिबिर लागते, हातात धरता येईल एवढ्या एक्स-रे यंत्राने छातीचा फोटो काढतात, काही मिनिटांत संगणक तो वाचतो आणि कागदावर ‘टीबी संशयित’ असे छापून येते. तोवर कोणत्याही डॉक्टरने तो फोटो पाहिलेला नसतो. असे कागद घेऊन उंब्रज आणि आसपासच्या गावांतून लोक दवाखान्यात येऊ लागले आहेत. पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: “डॉक्टर, मशीन चुकतं का?”

चुकते. पण त्याआधी दुसरी गोष्ट सांगायला हवी. त्या कागदावर ‘टीबी झाला आहे’ असे लिहिलेलेच नसते.

तारळीकाठच्या एका गावातल्या पन्नाशीच्या बाई असाच कागद घेऊन आल्या. सोबत मुलगा होता. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेले नाही. तरी शिबिर झाल्यापासून घरात त्यांचे ताट-तांब्या वेगळा ठेवला होता आणि नातीला त्यांच्याजवळ झोपू देत नव्हते. “पूर्वी कधी टीबीची औषधं घेतली होती का?” असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “लग्नाआधी, माहेरी. सहा महिने.” बेडक्याच्या तपासणीत टीबी निघाला नाही. मुलाने ट्रंकेतून एक जुना फोटो शोधून आणला. आज संगणकाने ज्या डागावर बोट ठेवले, तोच डाग तितकाच, त्याच जागी अनेक वर्षांपूर्वीच्या त्या फोटोतही होता. तो बऱ्या झालेल्या जखमेचा व्रण होता. यंत्राला व्रण दिसला, पण बाईंचा इतिहास त्याला कोणी सांगितलेला नव्हता.

यंत्र फोटो कसा वाचते?

संगणकासाठी तुमचा फोटो म्हणजे लाखो ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला एक आकडा, किती काळा किंवा किती पांढरा एवढाच. ‘डीप लर्निंग’ या पद्धतीत त्याला कोणी नियम शिकवत नाही. हजारो-लाखो फोटो दाखवतात आणि प्रत्येकाचे उत्तर सांगतात: यात टीबी होता, यात नव्हता. संगणक अंदाज करतो, चुकला की आतली असंख्य छोटी वजने थोडी इकडेतिकडे सरकवतो आणि पुन्हा अंदाज करतो. ही आकडेमोड एकामागून एक अशा अनेक थरांतून जाते. पहिल्या थरांत कडा आणि रेषा, पुढे ठिगळे, त्यापुढे पोकळी किंवा पाणी भरल्यासारखे आकार. ‘डीप’ म्हणजे हे खोलवर गेलेले थर.

आपल्या भागात हे समजायला गुऱ्हाळ पुरते. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे गुळव्या पुस्तकात वाचून शिकत नाही. शेकडो काहिली पाहून त्याची नजर बसते. “कसं ओळखलंत?” म्हटले तर त्यालाही नीट सांगता येत नाही. मात्र उसाची जात बदलली किंवा चुलवाण नवीन असले की तोच गुळव्या पहिल्या एक-दोन काहिलींना चाचपडतो. यंत्राचेही तसेच होते. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणारी एक प्रणाली तपासली. ज्या रुग्णालयांच्या फोटोंवर ती शिकली होती, त्यांच्याबाहेरचे फोटो दिले की ती कमी पडायची. फोटो कोणत्या रुग्णालयातला आहे हे मात्र ती जवळजवळ अचूक ओळखत होती! म्हणजे आजाराबरोबर ती भलतेच काहीतरी शिकली होती. गुळव्यापेक्षा एक फरक इथे महत्त्वाचा आहे. गुळव्या चाचपडतो तेव्हा त्याला ते कळते. यंत्र चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे छापते.

हे आपल्याकडे आले कशासाठी?

जगातल्या साधारण दर चार टीबी रुग्णांपैकी एक भारतात आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट स्पष्ट दिसली. फक्त ‘खोकला आहे का, ताप आहे का’ एवढेच विचारले असते आणि फोटो काढला नसता, तर सुमारे ४३ टक्के रुग्ण सुटले असते. म्हणून फोटो हवा. पण फोटो वाचायला रेडिओलॉजिस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात नसतो आणि गावोगावच्या शिबिरात तर नाहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या टीबी तपासणीसाठी असे संगणकीय वाचन वापरायला मान्यता दिली. ७ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या केंद्राच्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत हातातली एक्स-रे यंत्रे आणि एआय यांची जोडी वापरली गेली. या क्षेत्रातली एक मोठी कंपनी, क्यूअर.एआय, मुंबईची आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीची प्रणाली अनेक देशांत वापरली जाते.

माझे मत विचाराल तर ही सोय आपल्यासाठी चांगलीच आहे. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे असे म्हटले होते. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्यांपैकी ते एक. रेडिओलॉजिस्ट आजही आहेत आणि कमीच पडत आहेत. जिथे डॉक्टर आहे तिथे हे यंत्र त्याच्या जागी बसवायचे नाही. जिथे फोटो वाचायला कोणीच नाही, तिथे त्याची किंमत कळते.

‘संशयित’ म्हणजे किती?

हा भाग जरा सावकाश वाचा.

यंत्र आतून फक्त एक गुण देते, समजा शंभरपैकी ६२. किती गुणांच्या वर ‘संशयित’ म्हणायचे ही रेघ माणसे ठरवतात. रेघ खाली ओढली तर रुग्ण कमी सुटतात, पण निरोगी माणसे जास्त अडकतात. वर नेली तर उलटे. टीबीच्या शिबिरात रेघ मुद्दाम खालीच ठेवतात, कारण सुटलेला एक रुग्ण घरातल्या पाच जणांना आजार देऊ शकतो.

अशा चाळणी-तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी की खऱ्या १०० रुग्णांपैकी ९० सापडावेत आणि १०० निरोगी माणसांपैकी ७० जणांना ‘ठीक’ म्हणावे. आता समजा, जोखमीच्या १००० लोकांचे फोटो काढले आणि त्यांत प्रत्यक्षात १० जणांना टीबी आहे. यंत्र त्यातले ९ पकडेल. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ३० टक्के, म्हणजे २९७ जणांनाही ते ‘संशयित’ म्हणेल. एकूण कागद ३०६, खरे रुग्ण ९. चौतीस कागदांमागे एक. चांगल्या प्रणाली याहून बऱ्या चालतात, पण हिशेबाची दिशा तीच राहते. म्हणून तो कागद पाहून कोणाचे ताट वेगळे करू नका आणि ठरलेली सोयरीक मोडू नका.

तो कागद फेकूनही देऊ नका. चौतिसातला तो एक कोण हे फोटोवरून कळत नाही.

जुना टीबी, खडी क्रशरवर किंवा दगडखाणीत काम करून फुफ्फुसात बसलेली धूळ, न्यूमोनिया, कधीकधी कर्करोगही: फोटोत हे सगळे टीबीसारखे दिसू शकते. उत्तर देते ती बेडक्याची तपासणी. सीबी-नॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर जंतूंचा अंश शोधतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हेही कळते. ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे आहे. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. नमुना सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल खोकून द्या. तोंडातली लाळ दिली तर जंतू असूनही सापडत नाहीत. ही चूक फार होते.

कागदावर ‘नॉर्मल’ आले तरी

याची काळजी मला जास्त वाटते. वरच्या उदाहरणात दहावा रुग्ण ‘ठीक’ असा कागद घेऊन घरी गेला, हे लक्षात घ्या. शिवाय हे यंत्र फक्त फुफ्फुसे पाहते. मानेतल्या गाठी, मणका, आतडी, मेंदूचे आवरण इथला टीबी त्याला दिसत नाही. ऊसतोडीच्या हंगामात आलेला एक तरुण मजूर शिबिरातला ‘नॉर्मल’ कागद खिशात ठेवून महिनाभर थांबला. मानेला सुपारीएवढी गाठ होती आणि रोज संध्याकाळी ताप येत होता. गाठीतून सुईने नमुना घेतला आणि टीबी निघाला. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटते वजन, बेडक्यात रक्त किंवा न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही असेल तर ‘नॉर्मल’ कागद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे या. १५ वर्षांखालील मुलांसाठी २०२१ ची ती मान्यता नव्हतीच. त्यांचा फोटो बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि मोबाइलवरचे चॅटबॉट?

काहीजण रिपोर्टचा फोटो काढून चॅटजीपीटीसारख्या ॲपला विचारतात आणि उत्तर मला वाचून दाखवतात. दोन्हींना एआय म्हणतात म्हणून ते एकच आहे असे नाही. एक्स-रे वाचणारी प्रणाली एकाच कामासाठी शिकवलेली आणि त्याच कामात तपासलेली असते. चॅटबॉट मुळात पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज करत वाक्य रचतो, त्यामुळे चुकीची माहितीही अस्खलित येते. २०२५ मध्ये अमेरिकेतील एका साठ वर्षांच्या गृहस्थांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. चॅटबॉटशी बोलल्यानंतर त्यांनी जेवणातल्या मिठाऐवजी तीन महिने सोडियम ब्रोमाइड खाल्ले आणि भ्रम होऊन ते रुग्णालयात पोहोचले. अवघड शब्दाचा अर्थ विचारायला हरकत नाही. गोळी सुरू करायची की बंद करायची हे त्याला विचारू नका. रिपोर्ट पाठवायचाच असेल तर नाव, मोबाइल आणि आधार क्रमांक झाकून पाठवा.

दवाखान्यात येताना

‘संशयित’ कागद आला असेल तर चार दिवसांच्या आत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुठे जायचे कळत नसेल तर आशाताईंना विचारा. मूळ फोटो किंवा त्याची फाइल मागून घ्या, नुसता छापील निकाल पुरत नाही. घरात जुने फोटो, टीबीचे जुने कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या असतील तर त्या सगळ्या आणा. खाणीत, क्रशरवर, गुऱ्हाळाच्या चुलवाणावर किती वर्षे काम केले ते सांगा. मधुमेह असेल तर तेही सांगा, कारण त्यात टीबीचा धोका वाढतो. निकाल येईपर्यंत खोकताना तोंडाला रुमाल धरा आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा. ताट-तांब्याने टीबी पसरत नाही.

टीबी निघालाच, तर साध्या टीबीचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. औषधे मोफत मिळतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. येताना पासबुकाची झेरॉक्स घेऊन या.