स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

बेताच्या उत्पन्नात सुखाने राहता येईल असा देश कोणता, हा प्रश्न उत्तर युरोपातील निवृत्तांना पडतो आणि गेल्या दीड दशकात त्याचे उत्तर पुष्कळदा पोर्तुगाल असे निघाले. ऊन, समुद्र, सार्वजनिक आरोग्यसेवा आणि कमी खर्च हे सारे एका ठिकाणी मिळत असेल तर फिनलंडमधील पेन्शनराने तेथे बिऱ्हाड हलवावे यात नवल नाही. त्याच्या निवडीला दोष देण्याचेही कारण नाही. विचार करायचा तो त्या स्वस्ताईच्या उगमाचा.

फिनलंड व पोर्तुगाल या दोन्ही देशांत चलन एकच, युरो. तेव्हा ही विनिमयदराची किमया नव्हे. फरक आहे तो वेतनाचा. खानावळीतला वाढपी, इस्पितळातली परिचारिका, ट्रामचा चालक हे कमी पगारावर राबतात, म्हणून पाहुण्याला तो देश स्वस्त वाटतो. २०२३ साली तेथील किमान वेतन दरमहा ७६० युरो होते. पेन्शनीसारख्या उत्पन्नावर राहू इच्छिणाऱ्या, युरोपीय संघाबाहेरील परदेशीयाला निवास-परवान्यासाठी दाखवावे लागणारे किमान उत्पन्नही तेवढेच होते. महिनाभराच्या कष्टांची किंमत आणि स्वस्तात राहण्याची पात्रता यांचा आकडा एकच!

बाहेरचे उत्पन्न आत आले की घरभाडे त्या उत्पन्नाच्या मापाने ठरू लागते. वेतन मात्र जागच्या जागी राहते. हे आपोआप घडले नाही. २००९ साली समाजवादी पक्षाच्याच सरकारने नव्या रहिवाशांना दहा वर्षांच्या करसवलती दिल्या आणि त्यांतून परदेशी पेन्शन बहुधा करमुक्त राहिली. कर्जाच्या अटींखाली दबलेल्या उजव्या सरकारने २०१२ साली भाडेनियंत्रण सैल केले; त्याच वर्षी पाच लाख युरोंचे घर घेणाऱ्याला निवासाचा हक्क देऊ केला. एकूण घरांत सार्वजनिक घरे जेमतेम दोन टक्के. मग लिस्बनमधील शिक्षकाने जायचे कोठे?

१९७४ च्या क्रांतीनंतर, १९७६ मध्ये स्वीकारलेल्या राज्यघटनेच्या ६५ व्या कलमाने प्रत्येकाला योग्य घराचा हक्क दिला आहे. त्या हक्कासाठी २०२३ साली हजारो लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. चुकीची दुरुस्तीही झाली, पण सावकाश. फिनलंडने २०१९ पासून व स्वीडनने २०२२ पासून पोर्तुगालशी असलेला करार मोडला. २०२० पासून नव्याने येणाऱ्यांच्या पेन्शनवर दहा टक्के कर बसला. गोव्याशी पितृघराण्याचे नाते असलेले तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियो कॉश्ता यांनी २०२३ मध्ये ही सवलत अन्यायकारक असल्याचे मान्य केले आणि २०२४ पासून ती नव्या पेन्शनरांना बंद झाली. ज्यांना आधी मिळाली त्यांची दहा वर्षे मात्र शाबूत राहिली.

कार्यकर्त्यांनी यातून परकीयांच्या द्वेषाचा धडा घेऊ नये. पेन्शनर आणि परिचारिका एकमेकांचे शत्रू नाहीत. एकाला करात सूट आणि दुसरीला बाजाराच्या हवाली करणारे धोरण हा खरा प्रतिपक्ष आहे. समान कर, भाड्यावर अंकुश आणि सार्वजनिक घरबांधणी या तीन गोष्टींखेरीज पाहुणचार यजमानालाच घराबाहेर काढतो. ज्यांच्या श्रमांमुळे देश स्वस्त होतो त्यांनाच तो परवडत नसेल, तर त्या स्वस्ताईला शोषण हेच नाव शोभते.