कोपरभर वाळूखालचं पाणी

अग्रणी नदी कोरडी पडली, की आमची आज्जी घागर घेऊन पात्रात उतरायची. नदी जिथं वळण घेते, तिथं वळणाच्या बाहेरच्या अंगाला, काठाच्या सावलीत ती थांबायची. पहाटेची वाळू तिथं जरा काळपट दिसे. माश्या एकाच जागी घिरट्या घालत असल्या, तर ती मला म्हणायची, "हितं उकर." कोपरभर खोल गेलं, की वाळू बोटांना गार लागायची, मग ओली, आणि मग झिऱ्याच्या तळाला पाणी जमायला लागायचं. पहिलं पाणी गढूळ. ते उपसून टाकायचं आणि नुसतं बसून राहायचं. घाईनं पुन्हा हात घातला, की सगळा झिरा ढवळून निघायचा. खोदणं मला पहिल्याच दिवशी जमलं, बसणं जमायला उन्हाळा गेला.

तो १९७२ चा दुष्काळ. मी सहावीत होतो. कवठे महांकाळचा मुलूख आधीच पर्जन्यछायेतला, त्यात ते वर्ष. घरात रेशनची तांबडी मिलो, दुष्काळी कामावरून आई पदरात बांधून आणायची ती सुकडी, आणि दप्तरात पाटीशेजारी चार बोरं. शाळा मात्र एक दिवस चुकवू दिली नाही कुणी.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि मार्गशीर्षात शाळेची सहल दंडोबाच्या डोंगरावर गेली. डोंगराच्या पोटात कोरलेलं ते देऊळ बघून आम्ही दोघं मित्र मागच्या बाजूला बोरं शोधत उतरलो आणि वाट चुकलो. मोजदाद चुकली, बाकीची मुलं खाली गेली. दिवस कलला, तसा मित्र रडायला लागला. त्याचं म्हणणं, वर चढू, वरून गाव दिसेल. मलाही तेच वाटत होतं, पण पाय उचलेना. वर झुडपं दाट होती आणि उजेड संपत आला होता. मी खाली बसलो. झिऱ्याजवळ बसायचो तसा.

बसल्यावर जमीन दिसायला लागली. लेंड्या दिसल्या, काही ओलसर होत्या, म्हणजे आजच्याच. एका बारीक पायवाटेवर खुरांच्या खुणा होत्या, आणि थोडं पुढं तिला दुसरी वाट येऊन मिळाली होती, मग तिसरी. सांजेला जनावर वर जात नाही, पाण्याकडं आणि माणसाकडं जातं, एवढं मला आज्जीच्या शेळ्यांमुळं माहीत होतं. आम्ही त्या वाटेनं उतरत गेलो. अंधार पडता पडता कुत्रं भुंकलं आणि कुणीतरी हाळी दिली, "कोन हाय रं तिकडं?" मेंढरांचा वाडा बसला होता. त्या धनगर मामांनी भाकरी दिली, घोंगडं दिलं आणि रातोरात आम्हाला रस्त्यापर्यंत आणून सोडलं. ते सहजपणे म्हणाले, "दोन दिवसांनी आलं असतासा, तर आमी चरणीला गेलो असतो."

त्या दोन दिवसांचा हिशेब माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही. वाट आम्ही ओळखली हे खरं. वाटेच्या टोकाला माणूस होता, यात आमचं काहीच नव्हतं.

पुढं कितीतरी वर्षांनी युलियाने कोएप्केची हकीकत वाचली, तेव्हा मला दंडोबाची ती संध्याकाळ आठवली. आमच्या सहलीच्या दोन वर्षं आधी, २४ डिसेंबर १९७१ ला, पेरूमध्ये विजेच्या वादळात एक विमान आकाशातच मोडलं. त्यात ९२ माणसं होती. ही सतरा वर्षांची मुलगी खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत सुमारे तीन किलोमीटरवरून जंगलात पडली आणि एकटी वाचली. शाळेचा निरोप समारंभ आदल्याच दिवशी झाला होता. सोबत होती ती आई गेली. तिचे आईवडील दोघंही प्राणिशास्त्रज्ञ. वडिलांनी सांगून ठेवलेलं होतं, ओढा सापडला तर त्याच्या अंगानं खाली जा, पाणी माणसांपर्यंत नेतं. ती तशीच गेली, गोड गोळ्यांच्या एका पिशवीवर. दंडाच्या जखमेत किडे पडले होते. नदीकाठी एक बोट आणि झोपडी दिसली, तिथल्या इंधनानं तिनं जखम धुतली. अकराव्या दिवशी तिथं लाकूडतोडे आले. खाली पडून जिवंत राहणं हे निव्वळ दैव होतं. ओढ्याच्या अंगानं चालत राहणं मात्र वडिलांचं देणं होतं.

कोलंबियात २०२३ साली चार भावंडं विमान अपघातानंतर चाळीस दिवस जंगलात जगली, तेव्हाही मोठ्या बहिणीनं, तेरा वर्षांच्या पोरीनं, धाकट्यांना सांभाळलं. कोणतं फळ खायचं, कोणतं नाही, हे तिला घरातूनच मिळालं होतं. बातमीत तिच्या आजीचा उल्लेख वाचून मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

कारण दंडोबावरून त्या रात्री मी घरी पोचलो, तेव्हा माझ्या आज्जीनं मीठमोहरी उतरली आणि साऱ्या आळीला सांगितलं, "नशिबानं वाचलं माझं लेकरू." मला राग आला होता. खुरांच्या खुणा मी ओळखल्या, खाली बसायचं मला सुचलं, आणि ही नशिबाचं नाव घेते! ती स्वतःचं नाव वगळून बोलत होती, हे कळायला मला स्वतः आजोबा व्हावं लागलं.

आता म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी आमच्या तालुक्यात येतं. द्राक्षबागा उभ्या आहेत, बेदाण्याची शेडं आहेत. दुष्काळ पुन्हा यावा असं कुणी म्हणणार नाही, मी तर नाहीच. पण झिरा उकरता येणारे हात आमच्या गावात आता चारदोनच उरले असतील, आणि शाळेच्या कुठल्याही इयत्तेत तो धडा नाही, याची मला खंत वाटते.

गेल्या वैशाखात नातवाला घेऊन पात्रात गेलो. आवर्तन बंद होतं, वाळू तापलेली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला बसलो आणि त्याला म्हटलं, "हितं उकर." कोपर बुडेपर्यंत काही नाही. मग त्यानं एकदम वर बघितलं, "आजोबा, गार लागतंय." पाणी आलं तशी त्यानं ओंजळ पुढं केली. मी त्याचा हात धरला. पहिलं उपसून टाकलं आणि दोघं काठाला टेकून बसलो.