जयपूरचे ऊन आणि तळाशी गेलेले बटण

ऑक्टोबर 2024 मध्ये ॲपलने मॅक मिनी या डेस्कटॉप संगणकाचे रूप बदलले आणि चर्चेत सर्वाधिक जागा व्यापली ती एका बटणाने. यंत्र सुरू करण्याचे बटण मागच्या बाजूवरून थेट तळाशी गेले. ते दाबायचे तर यंत्राचा कोपरा उचलावा लागतो. थट्टा झाली, व्यंगचित्रे फिरली, बटण बाहेरूनच दाबता यावे म्हणून प्लॅस्टिकच्या तरफा छापणारेही निघाले. बचाव करणाऱ्यांचे म्हणणे असे, की हा संगणक रोज बंद करतोच कोण? ते बरोबर आहे. विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे, आणि तोही त्याच तळाशी दडला आहे.

जुना मॅक मिनी 19.7 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 3.6 सेंटिमीटर उंच होता. नवा 12.7 सेंटिमीटर लांब-रुंद, 5 सेंटिमीटर उंच. आकारमान सुमारे 1400 घनसेंटिमीटरवरून 800 वर आले. कमी वीज खाणारी एम4 चिप नसती, तर हे शक्य झाले नसते. त्याचे श्रेय अभियंत्यांना द्यायलाच हवे. मात्र थंड हवा आत घेण्याची आणि तापलेली हवा बाहेर टाकण्याची वाट आता तळातूनच जाते, टेबलाच्या पृष्ठभागाला जवळजवळ लागून. जयपूरमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि पश्चिमेकडून येणारी धूळ बंद खिडक्यांनाही जुमानत नाही. कंपनीच्या तांत्रिक तपशिलात या यंत्रासाठी सभोवतालच्या तापमानाची मर्यादा 10 ते 35 अंश सेल्सिअस अशी आहे. मर्यादा ओलांडली म्हणून यंत्र तत्क्षणी थांबते असे नाही. पंखा वेग घेतो, मग चिप स्वतःचा वेग उतरवते. ज्या वेगासाठी पैसे मोजले, तो दुपारी बारा ते चार मिळेलच याची हमी वातानुकूलित खोलीबाहेर कोणी देत नाही.

यंत्राचे रूप कशासाठी बदलावे, याचे एक जुने उत्तर याच शहरात उभे आहे. सवाई जयसिंहाने पितळी यंत्रे वापरून पाहिली होती. ती लहान असल्याने अंशांचे सूक्ष्म भाग कोरता येत नाहीत, आस झिजते, मध्य सरकतो, अशी तक्रार झीज-ए-मुहम्मदशाही या त्याच्या कोष्टकांच्या प्रस्तावनेत नोंदलेली आहे. म्हणून त्याने दगड-चुन्याकडे मोहरा वळवला. जंतरमंतरमधले बृहत् सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. त्याची तिरपी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर राहावी म्हणून तिचा चढ जयपूरच्या अक्षांशाइतका, जवळपास 27 अंशांचा ठेवला. पाव वर्तुळाच्या वक्र कठड्यांवरच्या खुणा दोन सेकंदांपर्यंत जातात. पर्यटक ज्याला शिल्प समजून छायाचित्रे काढतात, ते रूप मापनाच्या गरजेतून आणि त्या ठिकाणाच्या भूगोलातून आलेले आहे. त्यातही उणीव राहिलीच. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड धूसर पडते, आणि दगड कितीही मोठा केला तरी तिला धार येत नाही.

संगणकाच्या बाबतीत ओढ उलट दिशेची, आकसण्याची आहे. ती सोसलेली उदाहरणे ॲपलच्याच घरात सापडतात. 2000 सालचा पॉवर मॅक जी4 क्यूब पंख्याविना, केवळ वर चढणाऱ्या गरम हवेवर थंड होत असे. संग्रहालयांनी तो जतन केला, ग्राहकांनी मात्र पाठ फिरवली आणि वर्षभरात त्याचे उत्पादन थांबले. 2013 चा काळा दंडगोल मॅक प्रो एकाच पंख्याभोवती रचलेला होता. अधिक उष्णता ओकणारे ग्राफिक्स कार्ड त्यात मावेना. या रचनेने आपलीच कोंडी केल्याची कबुली कंपनीने 2017 मध्ये दिली आणि 2019 मध्ये जाळीदार, उघडता येणारी उंच पेटी परत आणली. त्या दोन्ही वेळी पहिल्या दिवसाचे कौतुक दिसण्याचेच होते.

2024 च्या मिनीची अशी कोंडी झालेली नाही, हे मान्य करावे लागेल. 2024 मध्ये 59,900 रुपयांत मिळालेले 16 जीबी मेमरीचे इतके वेगवान यंत्र विद्यार्थ्याला त्यापूर्वी मिळत नव्हते. पण 2010 च्या मिनीचे गोल झाकण हाताने फिरवून मेमरी बदलता येई. आता मेमरी चिपच्याच वेष्टनात बसवलेली असते, आणि 2024 मध्ये 256 जीबीऐवजी 512 जीबी साठवण हवी असली तर खरेदीच्या वेळीच 20,000 रुपये जास्त मोजावे लागत. ही रक्कम यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी होती. बटणावरच्या विनोदांत तिचा उल्लेख क्वचितच आला. जयपूरच्या दुरुस्तीच्या दुकानात आजही सर्वाधिक दिसते ती साध्या पत्र्याची उभी पेटी. चार स्क्रू काढले की आतली धूळ ब्रशने झटकता येते, पंखा काही शे रुपयांत बदलता येतो. त्या पेटीच्या रूपावर कोणी लेख लिहीत नाही.